गड एक, सुट्ट्या अनेक

पुणे-सातारा महामार्गावरील चेलाडी फाट्यावरून नसरापूरकडे वळणारा रस्ता पुढे मार्गासनीमार्गे वेल्ह्याला जातो. रविवारी सकाळी या रस्त्यावर पुण्याच्या मोटारींची आणि दुचाकींची रीघ लागते. कुणाला राजगड चढायचा असतो, कुणाला तोरणा, तर पावसाळ्यात कुणाला केळदजवळच्या मढे घाटातील धबधबा पाहायचा असतो. जत्रांच्या दिवसांत याच रस्त्यावर मुंबईहून आलेल्या खासगी बसगाड्या दिसतात. त्यांतील माणसे गड पाहण्यासाठी आलेली नसतात. ती आपापल्या गावच्या देवाला निघालेली असतात. पौष महिन्यात भोरच्या बाजूने मांढरदेवीकडे जाणारे टेम्पो भरभरून धावतात. आणि दिवाळी उलटली की भांडीकुंडी, मुले, कोंबड्या असा सगळा संसार गाडीत घालून कातकरी कुटुंबे कोळशाच्या किंवा वीटभट्टीच्या कामावर बाहेर पडतात. त्यांच्या वाट्याला रविवार असा काही येत नाही.

फावला वेळ कसा घालवायचा हे ज्याचे त्याने आपल्या आवडीप्रमाणे ठरवावे, असे आपण मानतो. एखाद्याला डोंगर आवडतो, दुसऱ्याला सिनेमा, तिसऱ्याला कीर्तन. वस्तुतः आवड ही इतकी खासगी गोष्ट नसते. आपण कोणत्या समाजात जन्मलो, त्या समाजाला कोणत्या जागी मोकळेपणाने वावरता आले आणि कोणत्या जागी नाही, कुणाच्या सुट्टीला सहल म्हणायचे आणि कुणाच्या सुट्टीला गर्दी, हे सारे त्या आवडीत मिसळलेले असते. पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञ याचा अभ्यास वंश आणि वर्ण या अंगाने करतात. आपल्याकडे ‘वांशिक ओळख’ हा शब्द जरा परकाच वाटतो. भोर-वेल्ह्याच्या माणसाला तो विचारून उपयोग नाही; ‘कुठल्या समाजाचे?’ आणि ‘कुठल्या भावकीतले?’ हे दोन प्रश्न मात्र त्याला नेमके कळतात. जात, जमात, भावकी आणि गाव या चार धाग्यांनी विणलेली ही ओळख सुट्टीच्या दिवशी अधिकच ठळक होते.

खुद्द रविवारच्या सुट्टीचा इतिहासही हेच सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, आणि त्यामागे सत्यशोधक चळवळीतील कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा काही वर्षांचा झगडा होता. यंत्रांची देखभाल, कामगारांची प्रकृती हे मुद्दे त्यात होतेच. पण रविवार हा खंडोबाचा वार आहे, हा युक्तिवादही लोखंड्यांनी मांडला होता. साहेबाच्या चर्चचा दिवस अशा रीतीने बहुजन कामगाराच्या कुलदैवताचा दिवस ठरला. आज राजगडाच्या पायथ्याशी रविवारी वाहने लावायला जागा उरत नाही, तेव्हा त्या सुट्टीमागे खंडोबा होता याची आठवण क्वचितच कुणाला असते.

अमेरिकेत या विषयाच्या अभ्यासाला १९७८ मध्ये रँडेल वॉशबर्न या संशोधकाच्या एका लेखाने वळण मिळाले. जंगले, पर्वत आणि राष्ट्रीय उद्याने येथे कृष्णवर्णीय नागरिक इतके कमी का दिसतात, असा त्याचा प्रश्न होता. त्याची दोन उत्तरे संभवतात, असे त्याने मांडले. पहिले उत्तर वंचिततेचे : पैसा नाही, वाहन नाही, सवड नाही, म्हणून माणूस जात नाही. दुसरे संस्कृतीचे : त्या समाजाची विरंगुळ्याची रीतच निराळी आहे, म्हणून तो जात नाही. पुढील अभ्यासकांनी यात तिसरे कारण जोडले, ते भेदभावाचे. तिथे आपले स्वागत होणार नाही, हे ठाऊक असल्यामुळेही माणूस जात नाही. व्हर्जिनिया राज्यातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ मध्ये लुईस माउंटन नावाचा भाग कृष्णवर्णीयांसाठी वेगळा काढण्यात आला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ती विभागणी संपली. नियम रद्द झाला, पण तेथे जाण्याची सवय एका पिढीत लागत नाही. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात इन्ग्रिड पोलार्ड या कृष्णवर्णीय छायाचित्रकर्तीने लेक डिस्ट्रिक्टच्या हिरव्यागार टेकड्यांवर वावरणाऱ्या कृष्णवर्णीयांची छायाचित्रे घेऊन हाच सल मांडला : निसर्ग सर्वांचा म्हणायचा, पण त्यात उभे राहिल्यावर परके का वाटावे?

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर अशी पाटी कधी लागली नाही. गड सर्वांना खुला आहे. तरीही ही तिन्ही कारणे येथे एकमेकांत गुंतलेली दिसतात, आणि चौथे एक कारण दिसते जे त्या अभ्यासात सापडत नाही. ते म्हणजे ‘मान’.

मानाकडे वळण्यापूर्वी गडाकडे पाहू. तोरणा हा १४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला. त्याच्यासमोरचा राजगड ही सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होती. भोर तालुक्यात रोहिडा आणि रायरेश्वर. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, रोहिड खोरे ही नावे मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असतात. ‘मावळा’ हा शब्द या खोऱ्यांतूनच आला. तो जातीचा शब्द नव्हे, मुलुखाचा आहे. मावळांतील कुणबी-मराठा शेतकरी, कोळी, धनगर, रामोशी, महार, न्हावी अशा अनेक समाजांतील माणसे त्या फौजेत होती. कारीचे कान्होजी जेधे देशमुख होते, तर बाजीप्रभू देशपांडे प्रभू ज्ञातीचे. या मुलुखावर पुढे दीर्घकाळ पंतसचिवांचे भोर संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानिक ब्राह्मण, रयत बहुतांश कुणबी-मराठा, आणि डोंगरावर धनगर, महादेव कोळी, कातकरी असा हा पट होता.

शहरी माणसाच्या लेखी हा प्रदेश सुट्टीचा प्रदेश बनला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गो. नी. दांडेकरांच्या लेखणीने पुण्या-मुंबईच्या वाचकाला गडांचे वेड लावले. त्यांची ‘वाघरू’ ही कादंबरी राजगडाच्या परिसरातीलच. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या शिवचरित्राने त्या वेडाला इतिहासाची जोड दिली. त्यातून जी गिर्यारोहणाची चळवळ उभी राहिली, तिच्या पहिल्या पिढीत पांढरपेशा, शिकलेल्या, बहुतांशी उच्चवर्णीय घरांतील मुलामुलींचा भरणा होता. त्यांनी गडांचे नकाशे केले, टाक्यांतील गाळ काढला, वाटांवर खुणा केल्या. त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण गडावर कसे वागावे याचे अलिखित नियमही त्यांनीच घालून दिले : शांतता राखावी, सूर्योदय पाहावा, माहिती वाचून यावे. हे नियम चांगलेच आहेत. तथापि ते एका वर्गाच्या विरंगुळ्याचे नियम आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

याच गडांवर शिवजयंतीला वेगळीच माणसे येतात. गावोगावची आणि शहरातील वस्त्यांमधली तरुण मंडळे रात्री गड चढतात, मशाल पेटवतात आणि ती शिवज्योत हाती घेऊन आळीपाळीने धावत आपल्या गावी नेतात. घोषणा, भगवे झेंडे, मागे धावणारा टेम्पो, त्यावरचा ध्वनिक्षेपक. जुन्या गिर्यारोहकाला हा गोंगाट वाटतो. धावणाऱ्या मुलाला मात्र तो ट्रेक नसतोच; ती त्याची वारी असते. शंभर-दीडशे किलोमीटर अनवाणी धावून तो ज्योत चौकात आणतो, तेव्हा गावाच्या नजरेत त्याला एक जागा मिळते. हा विरंगुळा की व्रत, हे ठरवणे कठीण आहे. एकाच गडावर एक जण गर्दीपासून सुटका शोधतो आणि दुसरा गर्दीत सामील होण्यासाठी येतो, एवढे निश्चित.

वृत्तपत्रांनीही या भेदाला हातभार लावला आहे. राजगडाची वाट ‘पर्यटन’ पुरवणीत छापून येते. मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा बातम्यांच्या पानावर, बंदोबस्त आणि एसटीच्या जादा गाड्या या सदरात. वाई तालुक्यातील हे ठिकाण भोरहून जवळ. पौष पौर्णिमेला तेथे लाखोंनी जमणाऱ्यांत कष्टकरी, बहुजन आणि दलित कुटुंबांचा मोठा वाटा असतो. २५ जानेवारी २००५ रोजी तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा कुठे शहरी वाचकाला या यात्रेचा आकार कळला. वर्षभर राबणारी बाई दोन दिवस घर सोडून, नवी साडी नेसून, शेजारणींसह डोंगर चढते, वाटेत खाते-पिते, गाणी म्हणते. ही सहलच आहे. पण तिला सहल म्हणण्याचा प्रघात नाही.

आता मान. मावळातल्या जत्रेत प्रेक्षक असा कुणी नसतो. गावोगाव तपशील बदलतो, पण तत्त्व तेच राहते. पालखीला पहिला खांदा अमुक भावकीचा, काठी अमुक आडनावाची, पूजा गुरवाची, मशाल न्हाव्याची, हलगी मातंगाची. छबिन्याच्या रात्री कोण कुठे उभा राहणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. तो मान चुकला तर भांडणे होतात, क्वचित कोर्टकज्जेही. बाहेरच्याला हा हट्ट पोरकट वाटतो. पण मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या आणि कंपनीत केवळ हजेरीपटावरचा क्रमांक असणाऱ्या माणसाला वर्षातून एक रात्र ‘तुझ्याशिवाय पालखी उठत नाही’ असे सांगितले जाते, याचे मोल शहराच्या हिशेबात मांडता येत नाही.

म्हणूनच मुंबईकर मंडळी जत्रा चुकवत नाहीत. वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका; २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर गेली असताना येथे जेमतेम ५४ हजार माणसे मोजली गेली. डोंगरउतारावरची भातशेती, धरणांखाली गेलेली जमीन आणि कारखानदारीचा अभाव यांमुळे घरटी एखादा तरी माणूस पुण्या-मुंबईस असणे हे येथील जुने वास्तव आहे. गिरणगावाच्या दिवसांत गावाच्या नावाच्या खोल्या असत. एका गावचे कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत, एका खानावळीत जेवत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या. ग्रामस्थ मंडळे राहिली. मंदिराचा जीर्णोद्धार, जत्रेची वर्गणी, कुस्त्यांचा आखाडा, तमाशाची सुपारी हे सारे अजूनही तीच मंडळे पाहतात. शेजारच्या मुळशी-मावळातून आलेले मुंबईचे डबेवाले तर चैत्रात गावच्या जत्रेसाठी काही दिवस एकत्रित सुट्टी घेतात आणि तेवढे दिवस मुंबईच्या कचेऱ्यांतून डबा येत नाही. एका समाजाच्या सुट्टीने महानगराचे जेवण थांबावे, असे उदाहरण विरळाच.

अर्थात मानाला दुसरी बाजू आहे आणि ती गोड नाही. हलगी वाजवणे हा मान होता तसाच तो हक्काने घेतलेला वेठही होता. जत्रेत लाकडे वाहणे, मेलेले जनावर ओढणे, वेशीबाहेर थांबून शिळे मागणे ही महार-मांगांची ‘कामे’ गावगाड्यात मानाच्याच भाषेत सांगितली जात. ज्याला सन्मान म्हणायचे त्यात जागा ठरलेली होती, आणि ती सर्वांत शेवटची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला ही कामे सोडण्याचे आवाहन केले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला तो १९५८ मध्ये. मधल्या काळात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धर्मांतर झाले होते.

त्या एका निर्णयाने सुट्ट्यांचे पंचांगच बदलले. जत्रेतून बाहेर पडणे म्हणजे गावातील करमणुकीतून, कुस्तीतून, मटणाच्या पंगतीतून आणि सग्यासोयऱ्यांच्या भेटीतूनही बाहेर पडणे होते. त्याची भरपाई नव्या दिवसांनी झाली : १ जानेवारीचे कोरेगाव भीमा, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबरची चैत्यभूमी. भोरवरून महाडला उतरणारा वरंध घाट पावसाळी पर्यटकाला धुके आणि गरम भजी यांसाठी ठाऊक आहे. त्याच घाटाच्या तळाशी, महाडला, २० मार्चला चवदार तळ्यावर राज्यभरातून माणसे जमतात. लहान मुलांना घेऊन, डबे बांधून येतात, पुस्तके विकत घेतात, गाणी ऐकतात. त्यांचीही ती सुट्टीच. मात्र ही सुट्टी पाणी पिण्याच्या हक्काची आठवण म्हणून पाळली जाते, आणि तिच्यात कुणाला कुणाच्या मागे उभे राहावे लागत नाही.

धनगरांची गोष्ट आणखी निराळी. सह्याद्रीच्या माथ्यावर, भातखाचरांच्या वर, कड्यांच्या पठारांवर गवळी धनगरांचे वाडे असत. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले होते की, खालच्या खोऱ्यात कुणबी आणि वरच्या टप्प्यांवर गवळी अशी ही विभागणी केवळ जातीची नव्हती. निसर्गातील साधनांची ती वाटणीही होती. गवळ्याने म्हशी पाळाव्यात, लोणी-तूप विकावे, कुणब्याने भात-नाचणी पिकवावी. पुढे जंगल आटले, चराईवर निर्बंध आले, आणि अनेक वाडे खाली उतरले. जे राहिले त्यांच्या दारावरून ट्रेकची वाट जाते. ज्या पठारावर धनगर हवालदिल होऊन पाऊस काढतो, त्याच पठारावर शहरी माणूस ढगात चालण्यासाठी येतो. दसऱ्याला, देवाच्या जागरणाला ढोलाच्या ठेक्यावर गजनृत्य होते, ते मात्र पर्यटकांच्या वेळापत्रकात बसत नाही. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने पुण्यात राहून धनगरांच्या दैवतांचा आणि ओव्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. आपल्याकडे या समाजाची चर्चा आरक्षणाच्या यादीपुरतीच उरली आहे.

गडावर ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकणारी माणसे पायथ्याच्या गावांतली आणि वाड्यांवरची असतात. सकाळी हंडा-कळशी डोक्यावर घेऊन ती पर्यटकाच्या आधी गड चढतात आणि त्याच्यानंतर उतरतात. रविवार त्यांचा सर्वांत कष्टाचा दिवस. रायरेश्वराच्या पठारावर तर जंगम कुटुंबांची वस्तीच आहे. परंपरेनुसार १६४५ मध्ये शिवरायांनी जेथे शपथ घेतली त्या शंभू महादेवाची पूजा त्यांच्याकडे. पर्यटकाला तेथे पाच-सहा तास काढायचे असतात. या कुटुंबांना आजारी माणूस शिडीवरून खाली न्यावा लागतो. त्यांच्या घरी जेवून, चुलीच्या स्वयंपाकाचे कौतुक करून माणसे परततात. हे आदरातिथ्य खरे असते, पण त्याची दुसऱ्या बाजूने परतफेड होत नाही. रायरेश्वरची मुलगी पुण्यात त्या पर्यटकाच्या सोसायटीत पाहुणी म्हणून सहसा जात नाही.

कातकऱ्यांचे काय? महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना केंद्राने विशेष असुरक्षित गटात धरले, त्यांत कातकरी एक. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. इंग्रजी राजवटीत त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का होता. खैरापासून कात काढण्याचा धंदा बुडाला, कोळसा पाडण्याचे आणि वीटभट्टीचे काम आले, आणि वर्षाचे सहा-सात महिने घराबाहेर जाऊ लागले. नदीत मासे धरणे, रानात कंदमुळे आणि मध शोधणे यात उपजीविका आणि आनंद वेगळे काढता येत नसत. शहरी माणूस आज पैसे मोजून ज्याला ‘निसर्ग शिबिर’ म्हणतो, त्यातील बहुतेक कौशल्ये कातकरी मुलाला दहाव्या वर्षी येतात. तीच गोष्ट त्याने राखीव जंगलात केली तर त्याला रखवालदार हटकतो. त्या तीन कारणांपैकी कोणते येथे लागू करावे? तिन्ही, असेच म्हणावे लागेल.

बायकांच्या फावल्या वेळाचा विचार या सगळ्यात शेवटी येतो, कारण तो वेळच मुळात नव्हता. पहाटेचे दळण हे काम होते. पण जात्यावर दोघी बसल्या की ओवी आली, आणि ओवीत माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास, डोंगर सगळे आले. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांतून या ओव्या जमवायला सुरुवात केली. तो संग्रह एक लाखावर गेला आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या संकेतस्थळावर तो टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहे. त्यात मराठा बाईच्या ओवीतील राम-सीता आहेत, तशीच बौद्ध बाईच्या ओवीतील भीमराव-रमाईही आहेत. गिरणीने दळणाचे कष्ट वाचवले हे उत्तमच झाले. पण दोन समाजांच्या बायका एकाच चालीवर आपापले दैवत गात होत्या, ही गोष्ट गडाच्या कुठल्याही माहितीफलकावर नाही.

हे सारे पूर्वी आपापल्या जागी चालू होते. आता जागेलाच किंमत आली आहे, आणि सुट्टी कुणाची हा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाशी येऊन भिडला आहे. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी या धरणांनी खोऱ्यांतील गावे उठवली. पानशेतचे विस्थापित दौंड, हवेलीकडे गेले. त्यांची दैवते काही ठिकाणी पाण्याखाली, काही काठावर. त्याच काठांवर आज शेतघरांचे भूखंड आणि नौकाविहार आहे. मोसे खोऱ्यात मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील गावांच्या जमिनींवर लवासा उभे राहिले, तेव्हा आदर्श म्हणून डोळ्यांपुढे होते इटलीतील पोर्टोफिनो. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, आदिवासी जमिनींच्या व्यवहारांवर आक्षेप आले, आणि २०१८ मध्ये हा प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. मावळात सुट्टीचे शहर वसवताना मावळातली एकही सुट्टी कुणाला आठवू नये, याचे नवल वाटते.

सप्टेंबर २०१९ मध्ये काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याच्या प्रस्तावावरून राज्यभर गदारोळ झाला आणि सरकारला खुलासा करावा लागला. राजगडावर रज्जुमार्ग करण्याच्या प्रस्तावाला गिर्यारोहक संस्थांनी विरोध केला. विरोधाची कारणे रास्त होती : गडाचे पावित्र्य, कडे, गर्दी. पण वयोवृद्ध, अपंग किंवा कुटुंबकबिल्यासह देवीला येणारा भाविक वर कसा जाईल, आणि रज्जुमार्ग झाला तर पायवाटेवरच्या ताकवाल्या बाईचे काय होईल, हे दोन प्रश्न त्या चर्चेत कुणी फारसे लावून धरले नाहीत. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. या नामांतराने स्थानिकांना अभिमान वाटला हे खरे. गडाच्या कीर्तीत आपल्या तालुक्याची ओळख पाहण्याची ती इच्छा समजण्यासारखी आहे.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला हा विषय उलट बाजूने कळतो. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, दर दोन वर्षांनी अधिवेशने होतात, गणपतीला ढोल-ताशा वाजतो. राजगडावर ज्याला आपली जात-जमात कधी जाणवली नाही, त्याला न्यू जर्सीच्या उद्यानात सहभोजन करताना आपण ‘वेगळे’ आहोत हे जाणवते, आणि सुट्टीचा दिवस तो शक्यतो आपल्या माणसांत काढतो. मुंबईच्या खोलीतून जत्रेला निघालेल्या वेल्हेकराहून त्याची गरज निराळी नाही. फरक इतकाच की एकाच्या मेळाव्याला संमेलन म्हणतात.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. यादीत नाव आले की व्यवस्थापन आराखडे येतात, संरक्षित क्षेत्राच्या सीमा येतात, दुकानांना परवाने येतात, प्रवेशाचे नियम येतात. गुंजवणे, पाली आणि भुतोंडे या पायथ्यांच्या बाजूंनी गडावर वाटा जातात. या गावांतील विक्रेत्यांना परवाना कोणत्या निकषावर मिळणार, पद्मावतीच्या उत्सवाला रात्री वर थांबणाऱ्या भाविकाला आणि रात्री तंबू ठोकणाऱ्या पर्यटकाला एकच नियम लागणार की निरनिराळा, शिवज्योतीच्या मशालींना मुभा राहणार का, आणि गुरे चारायला माचीखालच्या उतारावर येणाऱ्या धनगराला अतिक्रमण करणारा ठरवले जाणार का, या बाबी आता कागदावर ठरतील. आजवर त्या रिवाजाने ठरत होत्या.

या प्रश्नांना वेळापत्रकाचीही एक बाजू आहे. या खोऱ्यांत आंबेमोहोर आणि इंद्रायणी भाताची लावणी जून-जुलैत होते. अख्खे घर चिखलात उतरलेले असते आणि मजुराला मागेल ती मजुरी मिळते. नेमक्या याच आठवड्यांत धबधब्यांची गर्दी शिगेला पोहोचते, अपघात होतात, जिल्हा प्रशासनाला मनाई आदेश काढावे लागतात. बांधावर गाड्या उभ्या राहतात आणि बैल किंवा पॉवर टिलर घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला वाट मिळत नाही. त्याची स्वतःची सुट्टी माघ ते चैत्र या काळात, खळे आटोपल्यावर. तेव्हा डोंगर पिवळे पडलेले असतात, ओढे कोरडे असतात आणि शहरातून कुणी येत नाही. गावच्या जत्रेला त्या दिवसांत पाहुणा आला तर त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.